पहिली रेल्वे बांधणारे बर्कले साहेब आणि त्यांच्या माघारी कोसळलेला पूल

मढ : मढहून वर्सोव्याला जायचं तर फेरीबोट पकडायची, की काही मिनिटांत पलीकडे. तेच रस्त्याने जायचं ठरवलं तर मार्वे, मालवणी, मालाड करत लांबचा वळसा पडतो. त्यामुळे मढ, भाटी, एरंगळ या गावांत मढ-वर्सोवा पुलाचा विषय निघाला नाही असं वर्ष जात नाही. पूल कधी होणार, कुठून जाणार, कोळीवाड्याच्या होड्यांना जागा राहणार का, हे सगळे विचारतात. पण पूल झाल्यावर तो तपासणार कोण आणि कसा, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे ज्यांनी बांधली, त्या जेम्स जॉन बर्कले यांच्या आयुष्याशी तो जोडलेला आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ती लाईन टाकणारा मुख्य इंजिनियर कोण होता आणि त्याच्या कामाचं पुढे काय झालं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

गुरूचाच पूल पडला

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या होलोवे भागात झाला. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात. १८३६ मध्ये ते एका इंजिनियरच्या हाताखाली उमेदवारीला लागले. त्या काळी इंजिनियरिंग हे पुस्तकापेक्षा उस्तादाच्या हाताखालीच शिकायचं काम होतं. पुढे १८३९ पासून ते जॉर्ज बिडर यांच्याकडे शिकले आणि त्यातून त्यांची ओळख रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याशी झाली. हे रॉबर्ट म्हणजे वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव. स्वतःही त्या काळातले अव्वल रेल्वे इंजिनियर. बर्कले त्यांच्या खास विश्वासातले झाले.

याच स्टीफन्सन यांच्यावर १८४७ मध्ये मोठी आफत आली. इंग्लंडमध्ये चेस्टर गावाजवळ डी नदीवर त्यांनी ओतीव लोखंडाच्या तुळयांचा पूल बांधला होता. सप्टेंबर १८४६ मध्ये पूल सुरू झाला. २४ मे १८४७ रोजी गाडी जात असताना एक तुळई मोडली आणि डबे नदीत गेले. पाच माणसं दगावली. पूल वर्षाचाही झालेला नव्हता.

या अपघातातली एक गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुलावर लाकडी फळ्या होत्या. इंजिनातल्या निखाऱ्यांनी त्या पेटू नयेत म्हणून त्याच दिवशी वर खडीचा थर टाकला होता. म्हणजे हेतू चांगला होता, पण पुलावरचं वजन वाढलं. तुळया आधीच कमकुवत होत्या, त्यात ही भर पडली. पुढे सरकारी चौकशी झाली, रेल्वेच्या पुलांना लोखंड कसं वापरावं यासाठी आयोग बसला. तुळयांवर वजन टाकून त्या किती वाकतात, किती वेळा वाकल्यावर मोडतात, याचे प्रयोग झाले. पुलाची प्रकृती मोजायची असते, नुसती नजरेने ठरवायची नसते, हे तिथून पक्कं व्हायला लागलं.

बर्कले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. आपल्या गुरूवर आलेला हा प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोरच घडला.

शीवच्या खाजणातून सुरुवात

१८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला मुंबईत राहून काम बघणारा मुख्य इंजिनियर हवा होता. स्टीफन्सन यांनी बर्कले यांचं नाव पुढे केलं. १८५० च्या सुरुवातीला, वयाच्या तिसाव्या वर्षी, बर्कले मुंबईत उतरले. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मुंबईची बडी मंडळी रेल्वेसाठी आधीपासून धडपडत होती. आता काम करून दाखवणारा माणूस आला.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. शीव ते कुर्ला हा भाग तेव्हा खाजणाचा. भरतीला पाणी आत येई, ओहोटीला चिखल उरे. त्यात भराव टाकून रूळ न्यायचे होते. खाडीकाठच्या आपल्या लोकांना सांगायला नको, की असा भराव आज टाकला की उद्या खचतो. वर पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. कोरड्या आठ महिन्यांतच जे व्हायचं ते उरकायचं.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ठाण्याला निघाली. २१ तोफांची सलामी झाली. अंतर ३४ किलोमीटर. साष्टी बेटातली गावं रुळाच्या दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला पोचली. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावे लागले आणि पारसिकच्या डोंगरात दोन बोगदे खोदावे लागले. ठाण्याच्या पुलाची जुनी चित्रं आजही बघायला मिळतात. खारं पाणी, भरती-ओहोटीचा ओढा आणि तळाला गाळ, अशा जागी पूल उभा करणं हे त्या वेळी फार मोठं काम मानलं गेलं.

बर्कले कामाला वाघ होते, पण फक्त गोऱ्या ठेकेदारांवरच त्यांची भिस्त नव्हती. जमशेटजी दोराबजी नायगाववाला या पारशी ठेकेदाराला कंपनीची मोठी कामं मिळाली आणि त्यांनी ती पार पाडली. बर्कले यांनी त्यांच्या कामाची कदर केली. कारागिरांना यंत्रविद्या शिकायला मिळावी म्हणून मुंबईत मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट चालत असे, तिथेही ते लक्ष घालत.

बोरघाटाची सात वर्षं

खरी परीक्षा पुढे होती. सह्याद्री चढल्याशिवाय रेल्वेला ना पुणं मिळणार होतं, ना दख्खनचा कापूस. बर्कले आणि त्यांच्या माणसांनी बोरघाट आणि थळघाट पायी पालथे घातले. कड्यावर उभं राहायला जागा नसे, तिथे माणसांना दोराने खाली सोडून मोजमाप घ्यावं लागे आणि बोगद्याचं तोंड फोडावं लागे.

१८५६ मध्ये बोरघाटाचं काम सुरू झालं. सुमारे २५ किलोमीटरच्या मार्गात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. २५ बोगदे, ८ मोठे पूल. काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका उभा चढ. मध्ये एक जागा अशी, की गाडीला वळायलाच वाव नाही. तिथे उलट फिरण्याचं स्टेशन काढलं. गाडी आत यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची.

तोवर १८५८ मध्ये वरच्या बाजूने पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली होती. खालून गाडी खोपोलीपर्यंत येई. मधला घाट लोक पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी चढत.

घाटातल्या कामाला माणसं किती होती? १८६१ मध्ये हा आकडा ४२ हजारांपर्यंत गेला. मजूर आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि लांबूनही आले होते. पाणी खराब, राहायला झोपड्या, त्यात कॉलरा. कामावर आणि रोगराईत हजारो माणसं गेली. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

मजुरीवरूनही रान पेटलं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याने काम पोटठेकेदारांना वाटून दिलं होतं. खालच्या मजुराच्या हातात पैसे वेळेवर पडेनात. जानेवारी १८५९ मध्ये मजूर भडकले आणि गोऱ्या मुकादमांवर चालून गेले. सरकारने चौकशी केली. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार विलायतेहून आला आणि आल्यावर पंधरा दिवसांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका हातात घेतला आणि जाणकार इंजिनियर नेमून काम तडीस नेलं. त्या काळात बाईमाणसाने एवढा ठेका निभावला, ही साधी गोष्ट नव्हती.

या सगळ्याच्या मध्यभागी बर्कले होते. एकीकडे लंडनचे संचालक, एकीकडे सरकार, एकीकडे ठेकेदार आणि वर पावसाचा तडाखा. १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे त्यांचा भारतीय रेल्वेवरचा निबंध मांडला गेला आणि त्याला मानाचं टेलफर्ड पदक मिळालं. पण तब्येत ढासळत चालली होती. १८६१ मध्ये त्यांना मुंबई सोडावी लागली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी इंग्लंडमध्ये सिडनहॅम इथे त्यांचं निधन झालं. वय अवघं ४२.

आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटातून गाडी सुरू झाली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर समारंभाला हजर होते. ज्यांनी घाट पायी मोजला ते बर्कले मात्र ते बघायला नव्हते.

चार पावसाळे, आणि पूल खाली

घाट सुरू होऊन चार वर्षं झाली होती. जुलै १८६७ च्या पावसात बोरघाटातला एक उंच दगडी पूल कोसळला. कागदोपत्री त्याचं नाव माहू-की-मल्ली असं आहे. कमानींचा, घडीव दगडाचा, लांबून बघावा असा पूल. नदीवर नव्हता, दरीवर होता. म्हणजे महापुराने वाहून नेला असंही म्हणायची सोय नव्हती.

मग कंपनीचे बाकीचे पूल तपासायला घेतले. तपासणीत दुसऱ्याही अनेक ठिकाणचं दगडकाम कच्चं निघालं. कित्येक पूल दुरुस्त करावे लागले, कित्येक पुन्हा बांधावे लागले.

दोष कुठे होता, हे शेतकऱ्याला विहिरीवरून चटकन कळेल. विहीर बांधताना समोरचा दगड नीट घडवून लावला आणि मागे नुसता माती-मुरूम भरला, तर पहिली दोन वर्षं विहीर देखणी दिसते. मग मागून पाणी झिरपतं, भर धुऊन जाते, दगडामागे पोकळी होते आणि एका पावसाळ्यात अख्खी बाजू आत येते. पुलाच्या खांबाचंही तसंच. बाहेर घडीव दगड, आत दगडाचे तुकडे आणि चुना. बाहेरचा आणि आतला दगड एकमेकांत गुंतवायला आडवे लांब दगड घालावे लागतात. चुना चांगला भाजून, घाणीत नीट मळून, सुकायला वेळ द्यावा लागतो. ठेकेदाराला घाई असेल, मजुराला मजुरी मिळत नसेल, देखरेखीला माणसं थोडी असतील आणि पावसाआधी काम उरकायचं असेल, तर चुकारपणा आतल्या बाजूलाच होतो. कारण तो दिसत नाही.

यात बर्कले यांचा वाटा किती, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मुख्य इंजिनियर तेच होते, म्हणजे जबाबदारी त्यांच्यापर्यंत जातेच. पण दर खांबाच्या आत काय भरलं जातंय हे एका माणसाला बघता येत नाही, हेही खरं. एवढं नक्की, की उत्तर द्यायला ते हयात नव्हते. पूल बांधणारा जातो आणि पूल मागे राहतो. म्हणून तपासणी बांधणाऱ्याच्या नावावर सोडता येत नाही.

पूल आतून कसा बघतात

आज पूल तपासायच्या पद्धती बऱ्याच आहेत. त्यातल्या काही इतक्या साध्या, की गवंडीसुद्धा करेल.

पहिली नजर. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुलाखाली उतरून बघायचं. रेल्वेत पावसाळा संपल्यावर दरवर्षी पुलांची पाहणी करायचा नियम आहे. खांब ओळंब्यात आहे का, कमानीचा दगड सरकलाय का, सांध्यातून पांढरे ओघळ आलेत का, हे बघतात. पांढरा ओघळ म्हणजे आतला चुना पाण्याबरोबर बाहेर येतोय.

दुसरा हातोडा. दगडावर किंवा काँक्रीटवर हलकेच ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर आत भरीव. बद्द आवाज आला तर आत पोकळी. मडकं वाजवून घेतो, तसंच.

तिसरी तडा. तडा दिसली म्हणजे पूल पडणारच असं नाही. ती वाढतेय का, हे महत्त्वाचं. त्यासाठी तडेवर आडवी काचेची पट्टी किंवा प्लास्टरचा ठिपका लावतात आणि तारीख लिहितात. काच फुटली, की समजायचं तडा जिवंत आहे.

चौथा पाया. नदी आणि खाडीतल्या पुलाला खरा धोका पाण्याखाली असतो. जोराचं पाणी खांबाभोवतीची वाळू-माती खरवडून नेतं आणि पाया उघडा पडतो. वरून रस्ता मात्र गुळगुळीत. म्हणून दोरीला वजन लावून किंवा यंत्राने खांबाभोवतीची खोली मोजतात, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघतात. गरज पडली तर पाणबुडे उतरवतात.

पाचवी यंत्रं. काँक्रीटवर उसळणारा हातोडा मारून कठीणपणा मोजतात. ध्वनिलहरी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचतात ते बघतात. आत भेग असेल तर लहर उशिरा येते. बारीक गोल नमुना कापून काढून प्रयोगशाळेत दाबून बघतात. शेवटी वजनाची चाचणी. भरलेले ट्रक पुलावर उभे करायचे, पूल किती वाकतो ते मोजायचं आणि ट्रक काढल्यावर तो पूर्ववत येतो का ते बघायचं.

मढसारख्या खाडीकाठी आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. काँक्रीटच्या आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचा थर सोलून निघतो. खालून सळया दिसायला लागल्या, तर गंज आत बराच पुढे गेलाय असं समजावं.

आपल्या काळातले धडे

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. चाळीस जणांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. त्याचीही आधी तपासणी झालेली होती.

म्हणजे तपासणी झाली एवढं पुरत नाही. काय तपासलं, हे विचारावं लागतं. पाण्याखाली कुणी गेलं का? हातोडा वाजला का? मागच्या वर्षीचा आकडा जुळवला का? आणि डी नदीच्या पुलावर टाकलेल्या खडीची आठवण ठेवून हेही विचारावं, की डांबराचे थरावर थर टाकून आपण पुलावरचं वजन किती वाढवलं?

गावाच्या पुलाखालून जाणारा कोळी, गुराखी, वाळूतून चालणारा माणूस साहेबापेक्षा जास्त वेळा पूल बघतो. नवी तडा, सुटलेला दगड, उघडा पाया दिसला तर मोबाईलवर फोटो काढावा. फोटोत अंदाज यावा म्हणून शेजारी चप्पल किंवा काठी ठेवावी, तारीख लिहावी आणि ग्रामपंचायत, पालिका किंवा बांधकाम खात्याकडे लेखी द्यावा. महिन्याने त्याच जागेचा पुन्हा फोटो काढावा. काचेच्या पट्टीचंच हे आपलं रूप.

बर्कले यांचं नाव पुढे एका वेगळ्या रूपात टिकलं. त्यांच्या नावाने मुंबई इलाख्यात इंजिनियरिंगच्या हुशार विद्यार्थ्याला बक्षीस दिलं जाऊ लागलं. १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिला आलेला एक गरीब घरचा मुलगा त्या जेम्स बर्कले बक्षिसाचा मानकरी ठरला. दुसऱ्याच वर्षी तो बांधकाम खात्यात लागला आणि नाशिक, खानदेश, पुणे भागात कामं करू लागला. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्याच जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो.

बोरघाटातून आजही गाड्या चढतात. पावसाळ्यात रेल्वेची माणसं अंगावर रेनकोट घालून, हातात हातोडा आणि बॅटरी घेऊन रुळांच्या कडेने चालत असतात. पडलेल्या त्या पुलाचं नाव त्यांच्यातल्या कितींना माहीत असेल कोण जाणे, पण त्यांची ती फेरी रोज होते.